कूलर बंद केल्यावर

शेहेचाळीस डिग्री. खिडकीला वाळा,
आणि मी म्हणतो, वच्छला, कूलर बंद कर.
ती बघते माझ्याकडे.
असं बघायला तिला आता शब्द लागत नाहीत.

टेबलावर दोन ॲम्प्लिफायर.
डावीकडे काळा, सपाट, जपानी,
लोहापुलाजवळच्या दुकानातून तीन दिवसांच्या बोलीवर आणलेला:
नाही पटला तर परत, खरचटला तर माझा.
उजवीकडे नंदनवारचा.
त्याला कंपनी नाही. पितळी पट्टीवर खिळ्याने कोरलेलं ८७.
त्याच्या मुलाने दिला, भंगाराच्या भावात.
म्हणाला, काका, घेऊन जा, पण उचलाले दोन मानसं लागतेत.

सॉलिड स्टेट म्हणजे
आत पेटणारं काही नाही, काच नाही, केशरी उजेड नाही.
थर्टी फिफ्टीफाइव्हच्या आठ टोप्या
ॲल्युमिनियमच्या फण्यांवर ओळीने,
गेटवरच्या पहारेकऱ्यांसारख्या.
तरी हात ठेवून पाहा. चटका बसतो.

आधी मीटर लावून दोघांचा आवाज सारखा केला.
हे नंदनवारचंच शिक्षण:
जरा मोठा असला की मानसाले तोच चांगला वाटते बे,
ॲम्प असो का पुढारी.

फोनला वायर. एक जुनी बैठक, कॅसेटवरून उतरवलेली,
बाई कोण ते खोक्यावर लिहिलेलं नव्हतं.
जपानी: डग्गा इस्त्री केलेला.
सूर शहाण्या नर्सच्या सुईसारखा, कधी आत गेला कळत नाही.
नंदनवार: तर्री. वर लाल तवंग, खाली काय आहे
ते चमचा बुडवल्याशिवाय सांगता येत नाही.
हे वहीत लिहिलं. घामाने शाई पसरली.
मग अदलाबदल. मग पुन्हा.
चौथ्या फेरीला माझं मलाच कळेना,
मी ऐकतोय की वही वाचतोय.

कारण खरं सांगायचं तर हे कान
सव्वीस वर्षं अंबाझरीच्या फॅक्टरीत, प्रेसच्या शेजारी होते.
डॉक्टरने काढलेला आलेख सीताबर्डीसारखा:
तीन हजारांपर्यंत किल्ला,
पुढे थेट खाली बाजारात.

पेपरने वारा घेत वच्छला म्हणाली,
"त्या मोठ्या डब्ब्यात बाई तान घ्यायच्या आधी श्वास घेते.
काळ्यातबी घेते, पन जपून. कोनी ऐकन म्हून."
"तुले ऐकू येते?"
"मले तं शेजारच्या कूलरची मोटरबी ऐकू येते.
बुश गेली तिची."

आणि लाइट गेली.
शेजारचा कूलर, आमचा फ्रिज, वरच्या मजल्यावरचा पंप,
मानेवाड्याची अख्खी गल्ली एका झटक्यात गप्प.
आणि नंदनवारचा ॲम्प गातच राहिला.
फोन बॅटरीवर, ते ठीक.
पण हा त्या दोन कॅपॅसिटरवर, बेसनाच्या डब्यांएवढ्या,
ज्यांच्यावरून मी त्याला हसलो होतो,
एवढे काहून लावतं बे, लग्न हाय का घरात?
तो म्हणाला होता, राहू दे.

एक. दोन. तीन.
चौथ्याला बाईने श्वास घेतला.
मला ऐकू आला. किंवा वच्छलाने सांगितला होता म्हणून आला.
मग सूर फाटला, खरखरला,
आणि फण्या टिकटिक करत थंड व्हायला लागल्या.

पाऊण तासाने लाइट आली.
न्याय हवा म्हणून जपान्यालाही तीच परीक्षा:
चालू असताना पिन उपटली.
टक. आत रिले पडला.
स्पीकरची काळजी घेत, सभ्यपणे,
तो त्याच क्षणी थांबला.
त्यात चूक काहीच नाही. वहीत तसंच लिहिलं.

दुकानवाल्याचा अजून एक दिवस बाकी आहे.
वच्छलाने उठून कूलर लावला, वाळ्यावर पाणी मारलं,
आणि त्या घरघरीत मला जवळजवळ काहीच ऐकू येईना
तेव्हा कानाशी येऊन म्हणाली,
"ते धूड कुठं ठेवाचं ते सांगा.
मी धरतो एकीकून."